शाळेनंतर कादंबरी हातात घेतलीच नाही? कर्जत-खोपोलीकरांसाठी परतीची वाट

शाळेच्या सुट्टीत दोन दिवसांत कादंबरी संपवणारी अनेक माणसं पस्तिशीत पुन्हा एखादी कादंबरी उघडतात, चौथ्या पानावर अडकतात आणि नकळत फोन हातात घेतात. मग 'वेळच मिळत नाही', 'आता डोकं लागत नाही' अशी कारणं पुढे येतात. खरं तर वाचता येणं कुठे गेलेलं नसतं. जिथे फारसं काही 'घडत' नाही अशा परिच्छेदावर थांबून राहायची सवय तेवढी मोडलेली असते.

ही सवय परत लागते का? लागते, आणि त्यासाठी फार मोठा निश्चयही करावा लागत नाही. कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या लोकांसाठी तर त्यात आणखी एक सोय आहे. त्यांच्या रोजच्या रस्त्यावरच्या डोंगरांवर आणि शेतांवर चांगल्या मराठी कादंबऱ्या लिहिल्या गेल्या आहेत. त्यांतल्या एका लेखकाचा मुक्काम तर खोपोलीलाच होता. त्याच्याकडे येऊच.

वाचनावर संशोधन करणाऱ्या बाईंनाच वाचता येईना

मॅरिअन वुल्फ या अमेरिकन संशोधक. वाचताना मेंदूत काय होतं, हा त्यांचा अभ्यासाचा विषय. 'रीडर, कम होम' या २०१८ च्या पुस्तकात त्यांनी स्वतःवर केलेला एक प्रयोग सांगितला आहे. तरुणपणी आवडलेली हर्मान हेसे यांची 'द ग्लास बीड गेम' ही कादंबरी त्यांनी पुन्हा वाचायला घेतली आणि त्यांना ती वाचवेना. वाक्यं उगाच लांबलचक वाटू लागली, नजर ओळींवरून घसरू लागली. दिवसभर स्क्रीनवर भराभर वाचायच्या सवयीने कादंबरीचं वाचनही तसंच करून टाकलं होतं. वैतागून त्यांनी पुस्तक परत कपाटात ठेवलं.

नंतर त्यांनी रोज फक्त २० मिनिटं तीच कादंबरी वाचायचं ठरवलं. साधारण दोन आठवड्यांनी त्यांचा वेग पुस्तकाच्या वेगाशी जुळला आणि जुनी गोडी परत आली. हा एका व्यक्तीचा अनुभव आहे, सगळ्यांना लागू पडणारा नियम नव्हे. पण आयुष्यभर याच विषयात काम केलेल्या व्यक्तीचीही अशी गत होते, म्हटल्यावर बाकीच्यांनी स्वतःला आळशी म्हणवून घ्यायचं काही कारण नाही.

कादंबरी वाचून माणूस खरंच बदलतो का?

'साहित्य वाचल्याने सहानुभूती वाढते' अशा पोस्ट समाजमाध्यमांवर सतत फिरतात. त्यांच्या मुळाशी बहुतेक वेळा डेव्हिड किड आणि इमानुएल कास्तानो यांचा 'सायन्स' या नियतकालिकात २०१३ साली आलेला अभ्यास असतो. साहित्यिक कथेचा छोटा उतारा वाचल्यावर लोकांना समोरच्याच्या भावना जरा जास्त चांगल्या ओळखता येतात, असा त्याचा निष्कर्ष होता. पुढे इतर संशोधकांनी तोच प्रयोग पुन्हा करून पाहिला, तेव्हा तसा परिणाम दिसला नाही. त्यामुळे कादंबरीकडे औषधाची गोळी म्हणून बघू नये, हेच बरं. आनंदासाठी वाचायची गोष्ट कर्तव्य म्हणून वाचायला घेतली की शाळेतल्या धड्यासारखी नकोशी होते.

मोबाइलवर वाचलं तर चालतं का, हाही नेहमीचा प्रश्न. २०१८ मध्ये ५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा माहितीपर मजकूर कागदावर जास्त चांगला समजतो असं दिसलं. निव्वळ कथात्मक मजकुरात मात्र असा फरक आढळला नाही. म्हणजे कादंबरी फोनवरही समजते. खरी अडचण वरून टपकणाऱ्या नोटिफिकेशनची आहे. त्यासाठी फ्लाइट मोड आहे.

वेळ कुठे आहे? लोकलमध्ये

कर्जत ते सीएसएमटी हे अंतर सुमारे १०० किलोमीटरचं, प्रवास साधारण दोन तासांचा. खोपोलीकरांना त्यात कर्जत ते खोपोली हा सुमारे १५ किलोमीटरचा एकेरी मार्ग आणि एक गाडी चुकली तर पुढच्या गाडीची वाट पाहणं धरावं लागतं. मुंबईच्या इतर उपनगरांतल्या प्रवाशांना कर्जतकरांचा हेवा वाटावा अशी एकच गोष्ट आहे: सकाळची गाडी इथूनच सुटते, त्यामुळे बसायला जागा मिळते. संध्याकाळी बदलापूरपर्यंत एका पायावर उभं राहावं लागतं, तेव्हा कादंबरीचा विषय न काढलेलाच बरा. म्हणून वाचायचं ते सकाळी. कर्जत, भिवपुरी, नेरळ, शेलू, वांगणी एवढ्या टप्प्यात डब्यात श्वास घ्यायला जागा असते आणि २० मिनिटं सहज निघतात.

हिशेब साधा आहे. एका पानाला दीड मिनिट धरलं तर २० मिनिटांत १३ पानं होतात. १५० पानांची कादंबरी बारा दिवसांत संपते. गर्दीत पुस्तक धरता येत नसेल तर स्टोरीटेलसारख्या ॲपवर मराठी कादंबऱ्या ऐकताही येतात. ऐकणं म्हणजे वाचणं नव्हे, असं म्हणणारे असतात. त्यांनी एकदा सव्वासहाच्या गाडीत अंबरनाथला चढून दाखवावं.

मग वाचायचं काय?

बहुतेकांची गाडी इथेच घसरते. बऱ्याच वर्षांनी वाचायला सुरुवात करणारा माणूस यादीतलं सगळ्यात जाडजूड, सगळ्यात गाजलेलं पुस्तक विकत आणतो आणि तीस पानांत हरतो. त्यापेक्षा छोटी आणि ओळखीच्या भूगोलातली कादंबरी बरी.

गो. नी. दांडेकरांची 'माचीवरला बुधा' (१९५८) ही अशी छोटेखानी कादंबरी आहे. म्हातारपणी मुंबई सोडून बुधा राजमाचीवर येतो आणि तिथली झाडं, पाखरं, जनावरं यांच्या सोबतीने राहू लागतो, एवढीच गोष्ट. राजमाची तशी पुणे जिल्ह्यातल्या मावळात. पण कर्जतहून कोंदिवड्याला जाऊन कोंढाणे लेण्यांवरून चढणारी वाट इथल्या ट्रेकरना तोंडपाठ असते. श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले, पावसाच्या तोंडावर चमकणारे काजवे यांचे रील दरवर्षी हजारोंनी येतात. त्यातल्या एका रीलला लागतो अर्धा मिनिट. बुधाच्या बरोबर त्याच माचीवर एक अख्खं ऋतुचक्र काढता येतं. रोज मुंबईला जाऊन रात्री डोंगराकडे परतणाऱ्या कर्जतकराला तर बुधाने तो निर्णय का घेतला, हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. पंधराव्या वर्षी हे पुस्तक संथ वाटलं असेल. चाळिशीत तो संथपणाच हवासा वाटतो.

दांडेकरांचीच 'जैत रे जैत' (१९६५) अनेकांना जब्बार पटेल यांच्या १९७७ च्या चित्रपटामुळे आणि त्यातल्या गाण्यांमुळे माहीत असते. मूळ कादंबरी मात्र वाचलेली नसते. तिच्यातला नाग्या, त्याचा ढोल, मधमाश्या आणि लिंगोबाचा डोंगर हे ठाकर समाजाचं जग आहे. कर्जत-खालापूरच्या डोंगरउतारांवर ठाकरवाड्या आजही आहेत. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या उतारावरची इर्शाळवाडी दरडीखाली गेली, तेव्हा राज्यातल्या अनेकांनी अशा वाडीचं नाव पहिल्यांदा ऐकलं, तेही मृतांच्या आकड्यांसोबत. कादंबरी त्या माणसांना आकड्यात मोजत नाही. अर्थात ही बाहेरून आलेल्या लेखकाची नजर आहे, त्यात थोडं भारावलेपणही आहे, हे भान ठेवून ती वाचावी.

चौक परिसरात राहणाऱ्यांनी विश्वास पाटलांची 'झाडाझडती' (१९९१) हाताशी ठेवावी. तिला १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. धरणामुळे उठलेल्या गावाची ही कथा आहे. खालापूर तालुक्यातल्या मोरबे धरणाचं पाणी नवी मुंबईच्या नळांना येतं, एवढं लक्षात असलं की पुस्तक लांबच्या कुठल्या गावाचं राहत नाही. मात्र ही मोठी कादंबरी आहे, सुरुवातीला घेऊ नये.

खोपोलीचा विसरलेला कादंबरीकार

'दिघे' म्हटलं की आज ठाण्याचे आनंद दिघे आठवतात. खोपोलीचे दिघे वेगळे. रघुनाथ वामन दिघे (१८९६ ते १९८०) कायदा शिकले, पनवेलला त्यांनी वकिली केली, पण मन रमलं ते खोपोलीजवळच्या विहारी इथल्या शेतीत. शेती करता करता त्यांनी कादंबऱ्या लिहिल्या. 'पाणकळा' ही त्यांची गाजलेली कादंबरी १९३० च्या दशकाच्या अखेरीस आली. पाणकळा म्हणजे पावसाळा. पुढे 'सराई', 'आई आहे शेतात', 'पड रे पाण्या' अशा कादंबऱ्या आल्या. मराठी कादंबरीत बराच काळ शहरी, शिकलेल्या घरांतली सुखदुःखं होती. दिघ्यांनी शेतकऱ्याला आणि आदिवासीला कथेच्या मधोमध आणून उभं केलं. ग्रामीण कादंबरीच्या इतिहासात म्हणूनच त्यांचं नाव सुरुवातीला घेतात.

आजच्या वाचकाला त्यांचं कथानक कधीकधी नाट्यमय वाटेल, योगायोगही जरा जास्तच. बोलीतले शब्द पहिल्या वीसेक पानांत अडतात. ते मनातल्या मनात मोठ्याने म्हटले की बरेचसे उलगडतात, आणि घरात आजी-आजोबा असतील तर उरलेल्यांचा अर्थ तिथेच मिळतो. पण ज्या तालुक्यात जमिनीचे तुकडे पडून त्यांवर फार्महाउस आणि सेकंड होम उभी राहत आहेत, तिथे 'आई आहे शेतात' हे नावच बरंच बोलून जातं.

पुस्तक मिळेल कुठे?

दिघ्यांची पुस्तकं नव्या दुकानांत सहसा दिसत नाहीत. ती शोधायची जागा म्हणजे सार्वजनिक वाचनालय. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. त्याखालच्या मान्यताप्राप्त वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग आणि त्यानुसार सरकारी अनुदान मिळतं. चालवतात मात्र बहुतेक ठिकाणी स्थानिक संस्था. अनामत रक्कम आणि मासिक वर्गणी भरून कुणालाही सभासद होता येतं. जुनी कपाटं भरली की वर्षानुवर्षं कुणी न नेलेली, जीर्ण झालेली पुस्तकं यादीतून कमी केली जातात. त्याला ग्रंथालयांच्या भाषेत 'निर्लेखन' म्हणतात. एखादं पुस्तक घरी नेल्याची नोंद झाली, तर ते वाचलं जातंय याचा तेवढा पुरावा रजिस्टरमध्ये राहतो.

जाताना लेखकाचं पूर्ण नाव कागदावर लिहून न्यावं. जुनी पुस्तकं अनेकदा नव्या संगणकीय यादीत नसतात, दाखल नोंदवहीत असतात. 'पाणकळा' नसेल तर 'सराई' आहे का, तेही विचारावं.