चिंताजन्य चिडचिड

चिंता मनात दडून राहते आणि बाहेर रागाच्या रूपाने दिसते, ती अवस्था. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३च्या निदानपुस्तिकेत (पाचवी आवृत्ती) सार्वत्रिक चिंताविकाराच्या सहा लक्षणांत चिडचिड आहे. अस्वस्थता, थकवा, एकाग्रता न होणे, स्नायूंचा ताण व झोपमोड ही उरलेली. अशी चिंता सहा महिने टिकली, आवरेनाशी झाली आणि रोजच्या जगण्यात अडथळा आणू लागली, तर विकाराचा विचार होतो. धोक्याची चाहूल लागताच मेंदूतील अमिग्डाला सावध होते, ॲड्रेनलिन व कॉर्टिसॉल वाढतात. शरीर लढायला किंवा पळायला सज्ज होते, पण समोर शत्रू नसतो. मग भाजीत मीठ कमी पडले तरी माणूस खेकसतो.

हिंगोली जिल्ह्यातील जवळा बाजार (ता. औंढा नागनाथ) या शेतीवर चालणाऱ्या बाजारपेठेच्या परिसरात ही गोष्ट समजून घेणे फार निकडीचे आहे. पाऊस लांबला, सोयाबीन-हळदीचा भाव पडला, कर्जाचा हप्ता तोंडावर आला, की जिवाला घोर लागतो. पुरुषाला ‘भीती वाटते’ म्हणणे कमीपणाचे वाटते. राग मात्र खपून जातो. म्हणून ‘तापट स्वभाव’ हे घरोघरचे निदान अनेकदा चुकीचे असते. अर्थात मारहाणीला ही सबब होऊ शकत नाही.

थायरॉइडचे विकार, व्यसन व नैराश्य यांतही अशीच चिडचिड होते, त्यामुळे तपासणी आवश्यक. बोधनात्मक वर्तनोपचार व औषधे गुणकारी ठरतात. ‘टेलिमानस’ची १४४१६ या क्रमांकाची मानसिक आरोग्यासाठीची शासकीय मोफत दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२पासून सुरू असून तेथे मराठीतही बोलता येते.