‘किंवा कोणतीही स्त्री’ : परिवीक्षेच्या कायद्यातील एका शब्दप्रयोगाचा इतिहास

इ. स. १८८१ मध्ये सुरत येथील विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेस नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा सांगण्यात आली. पुढे तिचे काळ्या पाण्यात रूपांतर झाले आणि अखेरीस ती पाच वर्षांवर आली. या खटल्याच्या निमित्ताने उठलेल्या स्त्रीनिंदेस उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंध प्रसिद्ध केला व दोषाच्या भागीदाराकडे, म्हणजे पुरुषाकडे, बोट दाखविले. प्रौढ अपराध्यास समाजातच ठेवून सुधारण्याची सर्वसाधारण तरतूद त्या काळी हिंदुस्थानच्या कायद्यात नव्हती.

तिचा उगम १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील ५६२ व्या कलमात सापडतो. चोरी, फसवणूक अशा मर्यादित अपराधांपुरते, पहिल्यानेच अपराध करणाऱ्यास चांगल्या वर्तनाच्या बंधपत्रावर सोडता येईल, असे ते कलम होते. १९२३ च्या दुरुस्तीने त्याची व्याप्ती वाढली. एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या पुरुषाच्या बाबतीत सात वर्षांपर्यंतच्या कारावासाचे अपराध हीच मर्यादा राहिली. मात्र एकवीस वर्षांखालील व्यक्ती ‘किंवा कोणतीही स्त्री’ यांना मृत्युदंड व जन्मठेप-काळे पाणी यांस पात्र असलेले अपराध वगळून सर्वत्र ही सवलत मिळाली. स्त्रीस अल्पवयीनांच्या पंक्तीस बसविणारी ही रचना अर्थपूर्ण आहे. तीत दया आहे, परंतु समान जबाबदारीची मान्यता नाही.

मूळ संज्ञेचा प्रवासही पाहण्याजोगा आहे. ‘प्रोबेशन’ हा शब्द पारखणे या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आला. ‘परिवीक्षा’ या संस्कृत घडणीत सर्व बाजूंनी पाहणे हा भाव प्रधान आहे. इंग्लंडच्या १९०७ च्या कायद्याने अधिकाऱ्यास सल्ला देणे, साहाय्य करणे व स्नेह जोडणे अशी तीन कर्तव्ये नेमून दिली. भारताच्या १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमात देखरेख, सल्ला व साहाय्य आहे. स्नेहाचे क्रियापद मात्र नाही.

याच अधिनियमाच्या चौथ्या कलमाने १९२३ ची स्त्रियांची सवलत सर्वांस लागू केली. साहजिकच तेथे ‘स्त्री’ हा शब्द वेगळा राहिला नाही. जुना शब्दप्रयोग १९७३ च्या संहितेच्या ३६० व्या आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४०१ व्या कलमात उतरला.

तथापि मृत्युदंड व जन्मठेप यांची सीमा दोन्हीकडे कायम आहे, आणि विजयालक्ष्मीसारखी स्त्री नेमकी त्या सीमेपलीकडे पडते. इंग्लंडने १९२२ व १९३८ च्या कायद्यांनी प्रसूतीनंतर मनाचा तोल ढळलेल्या मातेच्या हातून घडलेली अर्भकहत्या हा स्वतंत्र अपराध ठरवून ती सदोष मनुष्यवधाच्या पातळीवर आणली. त्यामुळे तेथे अशा मातेस परिवीक्षेवर सोडणे शक्य झाले. भारतीय दंडविधानात असा स्वतंत्र अपराध आला नाही. २०२३ च्या भारतीय न्याय संहितेने ‘सामुदायिक सेवा’ ही नवी शिक्षा आणली, पण ती किरकोळ चोरी, अब्रुनुकसानी अशा मोजक्या अपराधांपुरतीच.

सारांश, सवलतीचे शब्द शंभर वर्षे टिकले. ज्या स्त्रीच्या खटल्याने महाराष्ट्रात हा प्रश्न उभा केला, तिच्यापर्यंत ते पोहोचले नाहीत.