कनिष्ठ महाविद्यालयीन गणित

कनिष्ठ महाविद्यालयीन गणित : महाराष्ट्रात अकरावी व बारावी या इयत्तांत शिकवला जाणारा वैकल्पिक विषय. राज्य मंडळाच्या यादीत त्याचे नाव ‘गणित आणि संख्याशास्त्र’ असे आहे. कला व विज्ञान शाखांसाठी एक आणि वाणिज्य शाखेसाठी एक असे त्याचे दोन स्वतंत्र अभ्यासक्रम आहेत. इंग्लंडमधील सिक्स्थ फॉर्म कॉलेजात सोळा ते अठरा या वयात शिकल्या जाणाऱ्या ए-लेव्हल गणिताशी हा विषय समकक्ष म्हणता येईल. मात्र तेथे त्याच्या जोडीला ‘फर्दर मॅथेमॅटिक्स’ हा अधिक वरच्या पातळीचा वेगळा विषय घेता येतो. राज्य मंडळाकडे तशी सोय नाही. या नोंदीत मुख्यतः विज्ञान शाखेतील गणित आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वालावलसारख्या गावातून त्याकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांचा विचार केला आहे.

इतिहास : कलनशास्त्र मराठीत आणण्याचा आरंभीचा प्रयत्न याच जिल्ह्यातील एका विद्वानाने केला. देवगड तालुक्यातील पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर (मृत्यू १८४६) मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत अध्यापक होते. ‘दर्पण’कार म्हणून ते सर्वपरिचित असले, तरी ‘शून्यलब्धिगणित’ हा त्यांचा कलनावरील ग्रंथ फारसा कोणाला ठाऊक नसतो. पुढे विद्यापीठे निघाली आणि उच्च गणित इंग्रजीतून, तेही महाविद्यालयातच शिकण्याची रीत पडली. कोठारी आयोगाने (१९६४–६६) सुचवलेला १०+२+३ हा आकृतिबंध महाराष्ट्राने स्वीकारल्यावर १९७५ मध्ये दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली आणि नव्या बारावीची पहिली तुकडी १९७७ मध्ये बाहेर पडली. ‘कनिष्ठ महाविद्यालय’ हा टप्पा तेव्हापासूनचा. सध्याची पाठ्यपुस्तके बालभारतीने अकरावीसाठी २०१९ मध्ये व बारावीसाठी २०२० मध्ये काढली.

अभ्यासक्रम : दोन्ही इयत्तांची पुस्तके प्रत्येकी दोन भागांत आहेत. अकरावीत त्रिकोणमिती, निश्चयक व सारणी, सरळ रेषा, वर्तुळ, शांकव, संमिश्र संख्या, क्रमिका व श्रेढी, क्रमचय व संचय, द्विपद प्रमेय, संभाव्यता आणि अखेरीस सीमा, सातत्य व विकलन हे विषय येतात. बारावीच्या पहिल्या भागात तर्कशास्त्र, सारणी, सदिश, अवकाशातील रेषा व प्रतल आणि रेषीय नियोजन आहे. दुसरा भाग जवळजवळ सगळा विकलन, संकलन आणि विकलक समीकरणांचा असून शेवटी संभाव्यता वितरणे येतात.

या मांडणीत एक अडचण आहे. अकरावीच्या भौतिकशास्त्राला सदिश आणि विकलन सुरुवातीलाच लागतात. गणितात विकलन अकरावीच्या अखेरीस येते आणि सदिश तर बारावीत. म्हणून भौतिकशास्त्राच्या पुस्तकात ‘गणिती पद्धती’ असे प्रकरणच घालावे लागले आहे. विद्यार्थ्याला विकलनाची सूत्रे आधी वापरावी लागतात आणि ती का खरी आहेत हे सीमेच्या संकल्पनेतून नंतर कळते. अकरावीतच अनेकांचा पाय लटपटतो, त्यामागे हे एक कारण आहे.

परीक्षा : बारावीची लेखी परीक्षा ८० गुणांची व तीन तासांची असते, उरलेले २० गुण प्रात्यक्षिक व जर्नलचे असतात. अकरावीची परीक्षा महाविद्यालयाच्या पातळीवर होते, त्यामुळे ते वर्ष हलके घेण्याकडे कल असतो. हा हिशेब पुढे चुकतो, कारण बारावीचे संकलन अकरावीच्या त्रिकोणमितीवर उभे असते. अभियांत्रिकी प्रवेशासाठीच्या एमएचटी-सीईटीत गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी दोन गुणांचे, वेळ ९० मिनिटे. त्यांतील सुमारे २० टक्के अकरावीवर असतात आणि चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. मंडळाच्या परीक्षेत उत्तराच्या पायऱ्यांना गुण मिळतात, सीईटीत केवळ अचूक पर्यायाला. दोन्हींची तयारी एकाच वर्षात करावी लागते.

वालावल व परिसर : वालावल हे कुडाळ तालुक्यातील कर्ली नदीकाठचे गाव लक्ष्मीनारायण मंदिर व त्यालगतच्या तळ्यासाठी प्रसिद्ध आहे. दहावीनंतर विज्ञान शाखेसाठी या भागातील विद्यार्थ्यांचा ओढा तालुक्याच्या गावाकडे असतो. कुडाळला संत राऊळ महाराज महाविद्यालय आहे. जिल्ह्याच्या बारावीच्या परीक्षा रत्नागिरी येथील कोकण विभागीय मंडळाकडे आहेत आणि निकालाच्या टक्केवारीत हा विभाग राज्यात सातत्याने अग्रस्थानी असतो.

घरी मालवणी, शाळेत मराठी आणि अकरावीत इंग्रजी अशी या भागातील अनेक मुलांची भाषेची वाट आहे. विज्ञान शाखेचे अध्यापन इंग्रजीतून होते. फळ्यावर इंग्रजी आणि तोंडी समजावणे मराठीत, अशी तडजोड वर्गात सर्रास चालते. सेमी इंग्रजीतून आलेल्यांना संज्ञा ओळखीच्या असतात. पूर्ण मराठी माध्यमातून आलेल्यांचे पहिले काही महिने गणितापेक्षा प्रश्नाची भाषा उकलण्यातच जातात. उत्तीर्णांच्या टक्केवारीत ही झीज दिसत नाही. ती दिसते गणित सोडून केवळ जीवशास्त्र घेणाऱ्यांच्या निर्णयात.

पूरक मार्ग : अभ्यासक्रमापलीकडच्या गणितासाठी ऑलिंपियाड हा प्रमुख मार्ग आहे. मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र त्याचे राष्ट्रीय केंद्र असून १९९६ ची आंतरराष्ट्रीय स्पर्धा मुंबईतच भरली होती. श्रीराम अभ्यंकर यांनी १९७६ मध्ये स्थापन केलेले पुण्याचे भास्कराचार्य प्रतिष्ठान विद्यार्थ्यांसाठी ऑलिंपियाडच्या तयारीचे वर्ग घेत आले आहे. ही केंद्रे मुंबई-पुण्यात असल्याने कोकणातील विद्यार्थ्याला त्यांचा लाभ सहज मिळत नाही.

उपयोग : अभियांत्रिकी पदवी, भारतीय सांख्यिकी संस्थेची बी.स्टॅट. पदवी, तसेच राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या नौदल व हवाई दल शाखा यांसाठी बारावीला गणित असावे लागते. दहावीनंतर मालवणच्या शासकीय तंत्रनिकेतनासारख्या संस्थेत पदविका घेऊन अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाण्याचा पर्यायही आहे. पदविकेत गणित असतेच. अकरावीच्या प्रवेशअर्जात गणित वगळले, तर हे पदविकेखेरीजचे सर्व मार्ग त्याच दिवशी बंद होतात.