एका भांड्याची साक्ष

राजेरजवाड्यांच्या मेजवान्यांची वर्णने बखरींतून आणि प्रवासवृत्तांतून विपुल सापडतात. गरिबाच्या चुलीवर काय शिजत होते, याची नोंद मात्र क्वचितच कोणी ठेवली. ज्या घरात चूल एक, सरपण मोजके आणि पातेलेही एकच, त्या घरात डाळ, भाजी आणि मिळालेच तर मांस, ही सारी एकत्रच शिजणार. बुलढाणा जिल्ह्याच्या मलकापूर-मोताळा भागात व लगतच्या खानदेशात होणारी मिरचीची भाजी अशीच आहे. तूरडाळ, वांगी, हिरव्या मिरच्या आणि हाताशी असेल ती पालेभाजी एकत्र शिजवून घोटली, की भाकरीबरोबर घरादाराचे जेवण होते. गोव्याच्या ख्रिस्ती घरांतील चोरीस-बटाट्याचे कालवण याच कुळातले. चोरीस म्हणजे डुकराच्या मांसाचा मसालेदार सॉसेज. त्याच्या चार-सहा गाठी, बटाटे, कांदे आणि पाणी, एवढ्यावर मोठे कुटुंब जेवते. दिसायला साध्या असलेल्या या कालवणाचा इतिहास मात्र साधा नाही. श्रद्धेच्या नावाने माणसांना कसे पारखले गेले, याची साक्ष त्यात आहे आणि ती आपण ख्रिस्ती कुटुंबांनी ऐकण्यासारखी आहे.

ही कथा स्पेन आणि पोर्तुगालमध्ये सुरू होते. तेथील ज्यू कुटुंबांत शब्बाथाच्या दिवशी विस्तव पेटवणे निषिद्ध असे. म्हणून शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी हरभरे, भाज्या आणि मांस एका भांड्यात भरून ते निखाऱ्यांत पुरून ठेवत. शनिवारी ते ऊनऊन मिळे. या कालवणाला ‘अदाफिना’ म्हणत. पुरलेले, झाकलेले असा अर्थ असलेल्या अरबी धातूपासून तो शब्द आला आहे. इ. स. 1492 मध्ये स्पेनने ज्यूंना देशाबाहेर घालवले. 1497 मध्ये पोर्तुगालने आपल्याकडील ज्यूंना सक्तीने बाप्तिस्मा दिला. सक्तीने ख्रिस्ती झालेल्यांची श्रद्धा खरी की दिखाऊ, हे ठरवण्याचे काम इन्क्विझिशन या धर्मन्यायसभेकडे आले. स्पेनमध्ये ती 1478 मध्ये आणि पोर्तुगालमध्ये 1536 मध्ये स्थापन झाली होती.

मनातली श्रद्धा डोळ्यांना दिसत नाही, स्वयंपाकघर दिसते. शुक्रवारी रात्रभर निखाऱ्यांत ठेवलेले भांडे, चरबीऐवजी तेलात केलेली फोडणी, डुकराचे मांस टाळणारा हात, या गोष्टी न्यायसभेपुढे पुरावा म्हणून मांडल्या जाऊ लागल्या. शेजारीण आणि मोलकरीण साक्षीदार झाल्या. जुन्या अदाफिनाच्या भांड्यात डुकराचे मांस आणि सॉसेज पडले, तेव्हा त्यातूनच स्पेनचा ‘कोसिदो’ आणि पोर्तुगालचा ‘कोझिदो’ घडला, असे अनेक अभ्यासक मानतात. पोर्तुगालच्या उत्तर भागात ‘अल्हेरा’ नावाचा सॉसेज मिळतो. तो मुळात कोंबडीचे मांस आणि पाव भरून ज्यूंनी केला, आपल्याही घरात सॉसेज टांगलेला दिसावा आणि संशय टळावा म्हणून केला, अशी तेथील परंपरागत समजूत आहे. जीव वाचवण्यासाठी आढ्याला सॉसेज टांगावा लागावा, यापरते धर्माचे विडंबन कोणते?

इ. स. 1510 मध्ये पोर्तुगिजांनी गोवा जिंकला आणि 1560 मध्ये इन्क्विझिशनही तेथे आले. आरंभी त्याचा रोख ज्यू वंशाच्या नवख्रिस्तींवर होता. भारतीय वनस्पती व औषधींवरचा ग्रंथ 1563 मध्ये गोव्यात छापणारा प्रसिद्ध वैद्य गार्सिया द ओर्ता हा याच वंशाचा. 1568 मध्ये तो वारला. ज्यू रीती गुप्तपणे पाळल्याच्या आरोपावरून 1569 मध्ये त्याच्या बहिणीला, कातारिनाला, जिवंत जाळण्यात आले. 1580 मध्ये खुद्द ओर्ताची हाडे थडग्यातून उकरून जाळण्यात आली. पुढे न्यायसभेची नजर स्थानिक ख्रिस्तींकडे वळली. 1736 च्या आज्ञापत्राने हिंदू वळणाच्या अनेक चालीरीतींवर बंदी घातली. तीत अंगणातील तुळस होती आणि हिंदूंप्रमाणे मीठ न घालता भात शिजवणेही होते. चिमूटभर मिठावरून माणसाचा धर्म ठरवण्यापर्यंत मजल गेली होती. ही न्यायसभा 1812 मध्ये कायमची बंद झाली.

सत्तेने पदार्थ लादला तरी तो शिजवायचा असतो घरातल्या बाईने, आणि तिचा हात तिच्या मातीचा असतो. पोर्तुगिजांच्या सॉसेजात लसूण, वाइन आणि धुरी यांचा प्रभाव होता. गोव्यात वाइनच्या जागी माडीचा शिरका आला. अमेरिकेतून पोर्तुगिजांनी आणलेली लाल मिरची आली आणि तिच्या जोडीला मिरे, हळद, जिरे, दालचिनी, लवंग व आले आले. मांसाचे बारीक तुकडे मीठ लावून दाबून ठेवायचे, वाळवायचे, शिरक्यात वाटलेल्या मसाल्यात मुरवायचे, स्वच्छ केलेल्या आतड्यांत भरायचे, दोऱ्याने गाठी मारायच्या आणि उन्हात व चुलीच्या धुरावर सुकवायचे, अशी ही रीत. लहान गाठींची माळ जपमाळेसारखीच दिसते. पावसाळ्यात समुद्र खवळून मासेमारी थांबते. त्या दिवसांसाठी उन्हाळ्यातच पुरुमेंत, म्हणजे वर्षाची बेगमी, भरून ठेवत. चोरीस हा त्या बेगमीचा मोठा भाग होता. मीठ, आंबटपणा, मसाला, ऊन आणि धूर एवढ्यांच्या बळावर बर्फाच्या पेटीवाचून मांस टिकत असे.

टिकवलेले मांस जपूनच वापरले जाते आणि या कालवणाची काटकसर तेथेच आहे. त्यात मांस हे मुख्य अन्न नसते. ते मसाला, मीठ आणि तेल या तिघांचे काम करते. सहा माणसांसाठी पाव किलो चोरीस, पाऊण किलो बटाटे, तीन मोठे कांदे आणि पाव कोबी पुरतो. दोरा आणि आवरण काढून मांस मंद आचेवर कोरडेच परतावे. त्याची चरबी सुटते, वेगळे तेल लागत नाही. तीत कांदा मऊ करावा, मग बटाट्याच्या मोठ्या फोडी आणि पाणी घालून झाकण ठेवावे. चोरीस कच्चा असतो, म्हणून तो अर्धा तास तरी नीट शिजला पाहिजे. आंबटात बटाटा लवकर मऊ होत नाही, तेव्हा घाई करू नये. घाई असेल तर बटाटे आधी अर्धवट उकडून घ्यावेत. चवळी किंवा राजमा घालायचा तर तो भिजवून, वेगळा पूर्ण शिजवूनच घालावा, नाहीतर दाणा कडक राहतो. कोबी शेवटी घालावा आणि मीठ चव पाहूनच.

आता वऱ्हाडाकडे वळू. बुलढाणा जिल्ह्याला पोर्तुगीज स्वयंपाकघराचा वारसा नाही. येथील कॅथलिक श्रद्धा एकोणिसाव्या शतकात आलेल्या मिशन कार्यातून वाढली. फ्रान्समधील अनेसीचे संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या संघाचे मिशनरी 1840 च्या दशकात भारतात उतरले, 1887 मध्ये नागपूरचा धर्मप्रांत झाला आणि 1955 मध्ये अमरावतीचा. बुलढाणा या शेवटच्या धर्मप्रांतात येतो. तरीही गोव्याच्या किनाऱ्याला लागलेल्या जहाजांचा माल आपल्या चुलीपर्यंत पोहोचलाच. बटाटा, कोबी आणि पाव हे आपले रोजचे शब्द पोर्तुगीज भाषेतूनच मराठीत आले, आणि पाद्रीही. आपल्या मिरचीच्या भाजीतली मिरचीदेखील त्याच सागरी मार्गाने भारतात आली. जी वस्तू आपण अस्सल वऱ्हाडी म्हणून मिरवतो, तीही कधीकाळी परदेशी पाहुणीच होती.

चोरिसाचे भाऊबंदही या पठारावर आहेत. आठवडी बाजारातील सुकट किंवा बोंबील मूठभर घेऊन वांग्यात टाकले, की तेही अल्प सामिषाने पुष्कळ भाजी रुचकर करण्याचेच काम. जिल्ह्याच्या दक्षिणेला लागून असलेल्या मराठवाड्यात दलित वस्त्यांत मांसाच्या पट्ट्या उन्हात वाळवून ठेवत. त्यांना चान्या म्हणतात. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात या खाद्यसंस्कृतीची नोंद केली आहे. गोव्यात भांड्यात डोकावून माणसाचा धर्म ठरवला गेला, तर आपल्याकडे माणसाची जात. डोकावणारे बदलले, डोकावणे तेच राहिले. चोरीस आज मोठ्या हॉटेलांत मानाने वाढला जातो. दोरीवर वाळणाऱ्या चान्यांना तो मान अजून मिळालेला नाही.

या बाबतीत आपल्या धर्मग्रंथाने संदिग्धता ठेवलेली नाही. यापो येथे गच्चीवर प्रार्थना करीत असताना पेत्राला दर्शन झाले, त्यात खाद्यांच्या शुद्धाशुद्धतेचा प्रश्न होता. पण पेत्राने त्यातून जो अर्थ घेतला तो कर्नेल्याच्या घरी जाण्याचा, कोणाही माणसाला अपवित्र न मानण्याचा. तोच पेत्र पुढे अंत्युखियात लोकांच्या भयाने विदेशी बांधवांच्या पंक्तीतून उठला, तेव्हा पौलाने त्याला तोंडावर दोष दिला. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात हा प्रसंग आहे. प्रेषितांमधला तो वाद पंक्तीवरूनच झाला. धर्मन्यायसभेला या प्रसंगांचा विसर पडला होता. 12 मार्च 2000 रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी, सत्याच्या सेवेच्या नावाखाली ख्रिस्ती माणसांनी केलेल्या असहिष्णुतेबद्दल, सर्वांदेखत परमेश्वराची क्षमा मागितली.

तेव्हा वऱ्हाडातील ख्रिस्ती माणसाने आपली श्रद्धा सिद्ध करण्यासाठी चोरीस खाल्ला पाहिजे असे नाही, आणि शेजाऱ्याला बरे वाटावे म्हणून तो लपवावा असेही नाही. गोव्याहून वा मुंबईहून कोणी चार गाठी आणल्या, तर त्यांत बटाटा-कांद्याबरोबर आपली वांगी घालावीत, सोबत ज्वारीची भाकरी ठेवावी. ज्याला ते मांस चालत नाही त्याच्यासाठी दुसऱ्या भांड्यात मिरचीची भाजी घोटावी, आणि दोन्ही भांडी एकाच पंक्तीत फिरवावीत. पाहुण्याने कोणत्या भांड्यातले घेतले, हे पाहत बसू नये.