वीरगळाला तेल कोण घालते?

महाराष्ट्रातल्या जुन्या गावात शिरताना वेशीजवळ, मारुतीच्या पाराला टेकून किंवा महादेवाच्या देवळाच्या आवारात एखादी उभट कोरीव शिळा पुष्कळदा दिसते. अभ्यासक तिला वीरगळ म्हणतात. कन्नडमधला ‘कल्लु’ म्हणजे दगड, त्यावरून हा शब्द आला. ती वाचायची खालून वर. तळच्या चौकटीत लढाई आणि मरण: ढाल-तलवार घेतलेला माणूस, समोर शत्रू, मग तोच माणूस आडवा पडलेला, आणि कित्येकदा शेजारी गाईंची रांग. त्यावरच्या चौकटीत अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून वर नेतात. सर्वांत वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला असतो आणि माथ्यावर चंद्र-सूर्य कोरलेले असतात, म्हणजे ते आहेत तोवर याची कीर्ती राहो. इतके सगळे सांगणाऱ्या शिळेवर मेलेल्याचे नाव मात्र बहुधा नसते. कर्नाटकातल्या अनेक वीरगळांवर लेख कोरलेले सापडतात; आपल्याकडचे बहुतेक मुके आहेत.

हा कारागिराचा विसराळूपणा असेल असे मला वाटत नाही. ज्या गावाची गुरे वळवून नेणाऱ्यांच्या मागे तो धावला, त्या गावाला त्याचे नाव ठाऊक होते. तो मेला तो गावाच्या गोधनासाठी, म्हणून त्याचे देणे गावावर आले. दगड उभारणे हा त्या देण्याचा पहिला हप्ता होता. पुढचे हप्ते तेल-शेंदूर, सणाचा नैवेद्य आणि पूजेचा मान असलेले घर यांतून फिटत राहिले. माझे म्हणणे एवढेच, की पडलेल्या माणसाची आठवण दगडाने टिकत नाही, ती कोणाच्या तरी अंगावर सोपवलेल्या कामाने टिकते. बोरिवलीजवळच्या एकसरचे वीरगळ पाहावेत. वल्ह्यांच्या रांगांसह चाललेली गलबतांची अख्खी लढाई त्यांवर कोरली आहे. तरीही ती लढाई नेमकी कोणती, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. शिलाहार सोमेश्वर आणि यादव महादेव यांच्यातली, असा एक तर्क आहे, आणि तोही तर्कच. दुसरीकडे, ज्या शिळांची पूजा तुटली त्यांतल्या कितीतरी देवळाच्या पायरीत, विहिरीच्या बांधकामात, नाहीतर धुण्याच्या दगडांत गेल्या. शिळा तीच, कोरीवकाम तेच. एकीवर तेल पडत राहिले, दुसरीवर पडले नाही.

घरातली आठवणही याच रीतीने चालते. देव्हाऱ्यात कुलदैवताच्या टाकांशेजारी वीराचा टाक असतो. टाक म्हणजे धातूच्या पातळ पत्र्यावर ठोकून उठवलेली तळहाताहून लहान प्रतिमा. नाशकात धुळवडीला वीरांची मिरवणूक निघते. हा टाक खोबऱ्याच्या वाटीत ठेवून लाल फडक्यात बांधतात, गोदावरीवर नेऊन त्याला स्नान घालतात आणि होळीभोवती तो हातात धरून नाचवतात. पुष्कळदा घरातल्या लहान पोरालाच वीराचा वेश चढवलेला असतो. तो वीर कोणत्या लढाईत पडला हे त्या पोराला कदाचित कुणी सांगितलेले नसेल, पण वाटी हातातून पडू द्यायची नाही हे त्याला पक्के माहीत असते.

यावर आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. माणसाचा देव केला की माणूस हरवतो. शेंदराची पुटे चढून कोरीव रेषा बुजतात. नावाशिवायची पूजा हे स्मरण कसे म्हणायचे? इतिहासाची यात हानी झाली हे मी मान्य करतो. शेंदराखाली काय काय गेले याचा हिशोब लागणार नाही. पण नाव कोरल्याने प्रश्न सुटतो का? कोरेगाव भीमाचा स्तंभ कंपनी सरकारने १ जानेवारी १८१८च्या लढाईसाठी उभारला, स्वतःच्या विजयाची खूण म्हणून. त्यावर पडलेल्या ४९ जणांची नावे आहेत आणि त्यांतल्या २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे, म्हणजे ते महार शिपाई. नावे पहिल्यापासून तिथेच होती. १ जानेवारी १९२७ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे गेले, आणि तेव्हापासून त्या तारखेला येणाऱ्या माणसांनी त्या नावांना आपले पूर्वज मानले. कंपनीच्या विजयखांबाचा त्यांनी आपल्या माणसांच्या शौर्याचा खांब केला. आज तिथे लाखोंनी लोक येतात. अक्षरे दगडाने सांभाळली. त्यांना जिवंत केले ते दरवर्षी येणाऱ्या पावलांनी.

पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिशांनी गावोगावी पाट्या बसवल्या: या गावातून इतके लढाईवर गेले, इतके कामी आले. नुसते आकडे. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंग्याचे ४६ जण त्या युद्धात पडले. पण त्या गावाने आकड्यावर भागवले नाही. घरोघरची मुले पिढ्यानपिढ्या फौजेत जात राहिली आणि गावाचे नावच ‘अपशिंगे मिलिटरी’ पडले.

१९९९च्या कारगिल युद्धापासून जवानांचे पार्थिव गावी आणण्याची रीत रुळली. अख्खे गाव रस्त्यावर येते, आणि पुढे चौकात अर्धपुतळाही उभा राहतो. त्याच्यावर नाव, हुद्दा, पलटण, तारीख सगळे कोरलेले असते. पण त्याचा मान कोणत्या घराकडे, हे बहुधा ठरलेले नसते. ग्रामसभेने ते ठरवावे. शाळेच्या सातवीच्या वर्गाकडे दर वर्षी त्या तारखेची झाडलोट, हार आणि त्या जवानाच्या आईला घरून घेऊन येण्याचे काम द्यावे. सातवीचा वर्ग दर वर्षी नवा असतो.