समोरासमोरची पाने : आयर्लंडमधील द्विभाषिक प्रकाशने

डाव्या पानावर मूळ आयरिश मजकूर आणि उजव्या पानावर त्याचा इंग्रजी अनुवाद, ही ग्रंथरचना आयर्लंडमध्ये शतकाहून अधिक काळ रूढ आहे.

१८८२ मध्ये सुरू झालेले ‘गेलिक जर्नल’ हे नियतकालिक दोन्ही भाषांत निघत असे. डग्लस हाइड यांनी १८९३ मध्ये कॉनॉख्ट प्रांतातील प्रेमगीते अनुवादासह प्रसिद्ध केली. त्याच वर्षी स्थापन झालेल्या गेलिक लीगचे ते पहिले अध्यक्ष होते. पुढे १९३८ मध्ये ते देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. लीगचे ‘अन क्लाइव सॉलिश’, म्हणजे ‘प्रकाशाची तलवार’, हे द्विभाषिक साप्ताहिक १८९९ मध्ये निघाले. त्याचे संपादक पॅट्रिक पिअर्स यांनी १९०५ मध्ये बेल्जियममधील शाळा पाहिल्या आणि द्विभाषिक शिक्षणावर विस्ताराने लेखन केले.

मराठी वाचकाला येथे ‘दर्पण’ आठवेल. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी सुरू केलेल्या या पत्रात मराठी व इंग्रजी मजकूर शेजारी-शेजारी छापला जाई. मात्र दोहोंच्या दिशा परस्परविरुद्ध होत्या. ‘दर्पण’ने मराठी वाचकाला इंग्रजी विद्येकडे नेले, आयरिश पत्रांना इंग्रजीत रुळलेल्या वाचकाला पूर्वजांच्या भाषेकडे परत आणायचे होते.

शॉन ओ तूमा आणि टॉमस किन्सेला यांचा १९८१ मधील ‘अन डूअनरे’ हा १६०० ते १९०० या काळातील आयरिश कवितांचा सानुवाद संग्रह या परंपरेतील मानदंड ठरला. नूआला नी गोनल यांच्या १९९० मधील संग्रहासाठी तर तेरा कवींनी अनुवाद केले. तथापि या पद्धतीवर गंभीर आक्षेपही आहे. शेजारी सुलभ इंग्रजी असता मूळ पान केवळ शोभेचे उरते, अशी भीती व्यक्त होते. बिडी जेन्किन्सन या टोपणनावाने लिहिणाऱ्या कवयित्रीने आपल्या कवितांचा आयर्लंडमध्ये इंग्रजी अनुवाद नाकारला, तो याच जाणिवेतून.

२०२२ च्या जनगणनेत सुमारे १८ लाख ७० हजार लोकांनी आयरिश येत असल्याचे नोंदविले. शाळेबाहेर ती रोज बोलणारे मात्र ७१,९६८ होते. ‘येणे’ आणि ‘बोलणे’ यांतील हे अंतर परदेशस्थ मराठी घरांनाही परिचित आहे. मुलांसाठी मराठी-इंग्रजी पुस्तक निवडताना म्हणूनच एक कसोटी लावावी : इंग्रजी पान झाकले, तरी मूल पुढे वाचू पाहते का? तसे होत असेल, तर अनुवाद पुलाचे काम करतो आहे.