पाळीव कबुतरांच्या विणीचे नियमन

पाळीव कबुतरांच्या विणीचे नियमन म्हणजे ढाबळीतील कबुतरांच्या जोड्या लावणे, त्यांना घरटी पुरवणे, अंड्यांची व पिल्लांची निगा राखणे आणि एका जोडीला वर्षात किती वेळा पिल्ले वाढवू द्यायची हे ठरवणे होय. पाळीव कबूतर (शास्त्रीय नाव : कोलंबा लिव्हिया डोमेस्टिका) हे कडेकपारींत आणि जुन्या इमारतींच्या कोनाड्यांत राहणाऱ्या पारव्याचे माणसाळलेले रूप आहे. या पक्ष्याला विणीचा काटेकोर हंगाम नसतो. दाणापाणी मुबलक असेल, तर एकच जोडी वर्षातून पाच-सहा वेळा, क्वचित त्याहूनही अधिक वेळा अंडी घालते. कबूतरपालकाची खरी कसोटी म्हणूनच अंडी मिळवण्यापेक्षा ती वेळीच थांबवण्यात लागते.

जोडी आणि पहिले अंडे

कबुतरे साधारणपणे सहा महिन्यांची झाली की जोडी जमवू लागतात. नर गळा फुगवून घुमतो आणि मादीभोवती फेर धरतो. मादी त्याच्या चोचीत चोच घालून प्रतिसाद देते. घरट्याची जागा ठरल्यावर नर एकेक काडी आणून देतो व मादी ती अंगाखाली रचते. जोडी जमल्यापासून सुमारे आठ ते बारा दिवसांनी पहिले अंडे येते. ते बहुधा दिवस कलताना घातले जाते. दुसरे त्यानंतर सुमारे ४४ तासांनी, म्हणजे मधला एक दिवस सोडून दुपारी. एका विणीत सामान्यतः दोनच अंडी असतात. एका घरट्यात चार अंडी दिसली, तर दोन माद्यांनीच जोडी जमवली असण्याचा संभव मोठा असतो आणि ती अंडी अर्थातच फलित नसतात. नर व मादी दिसायला सारखेच असल्याने ही चूक अनुभवी माणसाकडूनही होते.

मादीच्या शरीरात अंडे तयार होण्यासाठी जोडीदाराचे दर्शन महत्त्वाचे ठरते. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ हॅरिसन मॅथ्यूज यांनी १९३९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, एकटी ठेवलेली मादी समोर आरसा ठेवल्यावर स्वतःच्या प्रतिबिंबाच्या संगतीतही अंडी घालते असे दिसून आले. पुढे अमेरिकी संशोधक डॅनियल लेहरमन यांनी कबुतराच्याच कुळातील पाळीव होल्यांवर काम केले. नर-मादीला एकत्र आणून त्यांच्यापुढे लगेच तयार घरटे व अंडी ठेवली, तरी ती पहिल्या दिवशी अंड्यांवर बसत नाहीत. प्रणयाराधनात आणि घरटे बांधण्यात काही दिवस गेल्यावरच बसतात, असे त्यांना आढळले. अंतःस्रावांमुळे वर्तन बदलते, तसेच वर्तनामुळे अंतःस्राव बदलतात, हे या संशोधनाचे सार होय. ढाबळीच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा की, वीण थांबवायची असेल तर नर आणि माद्या केवळ वेगळ्या पिंजऱ्यांत ठेवून भागत नाही. त्या एकमेकांच्या दृष्टीआड असाव्या लागतात. माद्यांच्या कप्प्यातही माद्या आपसांत जोड्या जमवीत नाहीत ना, यावर लक्ष ठेवावे लागते.

उबवण

पहिले अंडे आल्यावर जोडी त्यावर उभी राहते किंवा अर्धवट बसते. पूर्ण उबवण दुसऱ्या अंड्यानंतर सुरू होते. त्यामुळे दोन्ही पिल्ले थोड्याच अंतराने बाहेर पडतात. दुसरे अंडे आल्यापासून १७ ते १८ दिवसांत अंडी फुटतात. सकाळी उशिरापासून दुपार कलेपर्यंत नर बसतो, उरलेला वेळ आणि संपूर्ण रात्र मादी बसते. ही पाळी इतकी नियमित असते की, भर दुपारी मादी घरट्यात दिसली तर नराला काही झाले आहे का, हे पाहणे इष्ट.

पाचव्या-सहाव्या दिवशी अंधारात अंड्यामागे विजेरी धरल्यास फलित अंड्यात लाल शिरांचे जाळे दिसते. अफलित अंडे तसेच स्वच्छ पिवळसर राहते.

कबुतराचे दूध

उबवणीच्या दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस नर आणि मादी या दोघांच्याही गळ्यातील अन्नाच्या पिशवीचे अस्तर जाड होऊ लागते. त्यातील पेशी झडून दह्याच्या कवडीसारखा पदार्थ बनतो. त्याला कबुतराचे दूध म्हणतात. त्यात प्रथिने व स्निग्धांश भरपूर असतात. शरीरशास्त्रज्ञ जॉन हंटर यांनी १७८६ मध्ये त्याचे वर्णन केले. १९३० च्या दशकात ऑस्कर रिडल व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रोलॅक्टिन या संप्रेरकाची ओळख पटवली, तीही या पिशवीच्या वाढीवरून. सस्तन प्राण्यांत दूध उत्पन्न करणारे संप्रेरक कबुतराच्या गळ्यावर मोजले गेले, ही शरीरक्रियाशास्त्राच्या इतिहासातील एक विलक्षण गोष्ट आहे.

पिल्लाचे पहिले चार-पाच दिवस केवळ या दुधावर जातात. नंतर त्यात भिजलेले दाणे मिसळू लागतात. बाहेरचे दुसरे कोणतेही अन्न त्याची जागा सहजी घेऊ शकत नाही. अंडी दुसऱ्या जोडीखाली ठेवताना होणाऱ्या चुकांचे मूळ येथेच असते. दत्तक जोडीची स्वतःची अंडी एक-दोन दिवसांच्या फरकाने घातलेली असावी लागतात. अंडी चार-पाच दिवस आधी फुटली, तर दूध तयार नसते आणि पालक मायेने बसलेले असूनही पिल्ले उपाशी मरतात. उलट ती फार उशिरा फुटणारी असतील, तर जोडी कंटाळून उठून जाते. आखूड चोचीच्या शोभेच्या जातींना स्वतःची पिल्ले भरवणे कठीण जाते, म्हणून त्यांची अंडी नेहमीच्या चोचीच्या जोड्यांकडे देण्याचा प्रघात आहे. अशा जातींत पुष्कळ पिल्ले कवच फोडू न शकल्याने आतच मरतात, हे चार्ल्स डार्विन यांनी ‘ऑन द ओरिजिन ऑफ स्पीशीज’ (१८५९) या ग्रंथात नोंदवले आहे. माणसाने केलेल्या निवडीची ही किंमत होय.

लागोपाठच्या विणी

पिल्ले दोन ते तीन आठवड्यांची असतानाच मादी पुन्हा अंडी घालते. एकच घरटे असल्यास मोठी पिल्ले खाण्यासाठी धावताना नवी अंडी फोडतात किंवा घाण करतात. यासाठी प्रत्येक जोडीला दोन परळ किंवा पसरट भांडी असलेला रुंद कप्पा देतात. पहिली पिल्ले साधारण चार आठवड्यांची झाली आणि स्वतः दाणे टिपू लागली की, त्यांना वेगळे काढतात. या काळात ज्वारी, बाजरी, मका यांच्या जोडीला हरभरा किंवा वाटाणा असावा लागतो. शिंपल्यांचा चुरा तर सतत लागतो, कारण कवचासाठीचा चुना मादीच्या हाडांतूनही खेचला जातो.

वीण थांबवणे

नको असलेली अंडी उचलून टाकणे हा नवशिक्यांचा उपाय उलटा पडतो. घरटे रिकामे झाले की, मादी साधारण आठ-दहा दिवसांत पुन्हा अंडी घालते. हे चक्र चालू राहिल्यास कवच पातळ होते, अंडे अडते आणि मादी दगावूही शकते. योग्य रीत म्हणजे दुसरे अंडे येताच दोन्हींच्या जागी लाकडाची किंवा प्लास्टिकची खोटी अंडी ठेवणे. छातीला अंड्यांचा स्पर्श होत राहतो तोवर जोडी शांतपणे बसते आणि सुमारे तीन आठवड्यांनी आपण होऊन उठते. मादीला तेवढी विश्रांती मिळते. पिसे गळण्याच्या काळात मात्र नर-मादी वेगळे करणेच बरे.

शहरी कबुतरांवरील उपयोग

हेच तंत्र मोकाट कबुतरांची संख्या आटोक्यात ठेवण्यासाठीही वापरले जाते. जर्मनीतील आउग्सबुर्ग शहरात कबुतरांसाठी ढाबळी उभारून त्यांतील अंडी खोट्या अंड्यांनी बदलण्याची पद्धत रूढ झाली आणि इतर शहरांनी ती उचलली. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे १९८८ पासून नागरिकांना दाणे न टाकण्याचे आवाहन करण्यावर भर देण्यात आला आणि पुढील काही वर्षांत तेथील थवे निम्म्याच्या आसपास आले. मुंबईत २०२५ मध्ये कबुतरखान्यांवरून झालेल्या वादात मुख्य भर श्वसनविकारांवर होता. तथापि टाकलेल्या दाण्यांचा विणीशीही थेट संबंध आहे : बारमाही अन्न मिळणारी जोडी बारमाही अंडी घालते.